विधेयक समितीकडे गेलंय? हरकत अशी लिहा

‘विधेयक संयुक्त समितीकडे पाठवण्यात आलं’ अशी बातमी आली की बहुतेक जण पान उलटतात. गेलं बासनात, असं धरून चालतात. कधी कधी ते खरंही ठरतं. पण कायदा होण्याआधी त्यावर तुम्हा-आम्हाला लेखी काही म्हणायची संधी मिळते ती बहुधा याच टप्प्यावर. सभागृहात बोलायचा हक्क आमदारांचा. आपण गेलोच तर गॅलरीत, तेही तोंड मिटून. समितीला मात्र पत्र लिहिता येतं, आणि ते नीट लिहिलं असेल तर वाचलंही जातं.

आमचा एक छोटा गट अशी निवेदनं पाठवतो. माझं पहिलं निवेदन चार पानी होतं. त्यात संविधानाची उद्देशिका होती, लोकशाहीची काळजी होती, दोन ठिकाणी उद्गारचिन्हंसुद्धा होती. पाठवण्याआधी ओळखीच्या एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “सगळं ठीक आहे हो, पण खंड कुठला?” (विधेयकातल्या क्रमांक दिलेल्या एकेका तरतुदीला खंड म्हणतात.) पुढे जे सांगतोय ते बरंचसं त्या एका प्रश्नातून शिकलेलं आहे.

विधेयक हातात घ्या, बातमी नव्हे

पहिलं काम म्हणजे विधेयकाचा छापील मसुदा मिळवणं. तो विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. तिथे सापडला नाही तर तुमच्या आमदारांच्या कार्यालयात मागा. विधेयक मांडलं की त्याच्या प्रती सदस्यांना वाटतात, त्यामुळे त्यांच्याकडे ती असतेच. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही पाठ मिळवा आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एका भाषेत धूसर वाटणारा शब्द दुसऱ्या भाषेत उघडा पडतो.

मसुदा मिळाला की वरचं वर्ष आणि विधेयक क्रमांक वहीत टिपून घ्या. ही कारकुनी नव्हे. एकाच नावाचं विधेयक दोनदा येऊ शकतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं गेलं. ते मंजूर होण्याआधीच विधानसभेची मुदत संपली, नोव्हेंबरात निवडणूक झाली. विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं, म्हणजे आपोआप बाद होतं, संविधानाच्या अनुच्छेद १९६ मध्ये तशी तरतूद आहे. मग डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते पुन्हा मांडलं गेलं आणि त्या वेळी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. जुन्या मसुद्यावर आक्षेप लिहून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

समिती कोणती, तिथे कोण बसलंय

एकाच सभागृहाच्या सदस्यांची असेल तर प्रवर समिती, विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडचे सदस्य असतील तर संयुक्त समिती. वर्तमानपत्रांत दोन्हींना सर्रास ‘चिकित्सा समिती’ म्हणतात, गोंधळून जाऊ नका. विनंती अर्ज समिती, आश्वासन समिती वगैरे कायमस्वरूपी समित्या वेगळ्या, त्यांचा या कामाशी संबंध नाही.

सदस्य साधारणपणे पक्षांच्या संख्याबळानुसार घेतले जातात, म्हणजे सत्ताधाऱ्यांचं बहुमत समितीतही असतंच. अध्यक्षपदीही बहुधा मंत्रीच असतात. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या २०२० च्या शक्ती विधेयकांच्या समितीचे अध्यक्ष गृहमंत्री अनिल देशमुख होते, पुढे गृहखातं दिलीप वळसे पाटील यांच्याकडे आल्यावर त्यांच्या काळात ते काम पूर्ण झालं. जनसुरक्षा विधेयकाच्या समितीचं अध्यक्षपद महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे होतं. विधेयक आणणारं सरकार, तपासणारी समितीही सरकारच्या बहुमताची, मग उपयोग काय, असं वाटणं साहजिक आहे. मला अजूनही अधूनमधून वाटतं. पण बंद दाराआड आणि कॅमेरे नसताना तेच सदस्य सभागृहापेक्षा बरंच मोकळं बोलतात, आणि तिथे मान्य झालेली दुरुस्ती सरकारला माघार न वाटता घेता येते. सभागृहात तीच दुरुस्ती विरोधकांनी मांडली तर आवाजी मतदानात पडते.

सदस्यांच्या यादीतून तुमच्या जिल्ह्यातलं किंवा त्या विषयात खरोखर रस असलेलं कुणी आहे का ते बघा. पक्ष कोणता हे दुय्यम. एका सदस्याने तुमचा मुद्दा वाचून बैठकीत उचलला तरी तो कामकाजात येतो.

वाचायचं कसं

बहुतेक जण इथेच दमतात. विधेयक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका, झोप येईल. माझा क्रम असा: आधी शेवट, मग व्याख्या, मग शिक्षा आणि उरलेलं सगळं नंतर.

शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. कायदा का हवा हे सरकार तिथे साध्या भाषेत सांगतं. ते वाचून एका ओळीत लिहून ठेवा: सरकारला नेमकं काय थांबवायचंय? नंतर प्रत्येक खंड त्या एका ओळीशी ताडून बघायचा. उद्देशात एक आणि खंडात त्याच्या दुप्पट, असं दिसलं की तिथे पेन्सिलीची खूण करा.

आता व्याख्या. सुरक्षेच्या आणि संरक्षणाच्या विधेयकांत खरा जीव तिथेच असतो. जनसुरक्षा विधेयकावरचा सगळा वाद पाहा. त्याच्या उद्देशात नक्षलवादाचा, शहरांतल्या त्याच्या आघाडीच्या संघटनांचा उल्लेख होता. पण ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका निर्माण करणाऱ्या कृत्यांपासून प्रस्थापित कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देण्यापर्यंत बरंच काही आलं होतं. आता ‘अवज्ञा’ या शब्दात काय काय बसतं? रस्त्यावर ठिय्या दिलेले शेतकरी बसतात का? सविनय कायदेभंग बसतो का? त्यात कोण बसवता येईल, हे विचारायचं. कोणाला बसवायचा हेतू आहे, हे विचारून उपयोग नाही, कारण हेतू मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात राहतो आणि न्यायालयासमोर येतो तो छापलेला शब्द.

कायद्याच्या मराठीत काही शब्द दिसले की कान टवकारा. ‘करील’ म्हणजे करावंच लागेल, ‘करू शकेल’ किंवा ‘करता येईल’ म्हणजे मर्जी. नागरिकाच्या बाजूच्या गोष्टी (नोटीस देणे, कारणं लेखी कळवणे, मुदतीत निर्णय देणे) ‘करू शकेल’मध्ये लिहिलेल्या असतील तर तो हक्क नाही, मेहेरबानी आहे. ‘त्यास योग्य वाटेल अशा’ हा दुसरा शब्दप्रयोग, तीही मर्जीच. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ म्हणजे हे आत्ता सांगत नाही, नंतर नियमांत ठरवू. ‘परंतु’ने सुरू होणारं परंतुक कधी वगळू नका, वरच्या परिच्छेदात दिलेलं खाली परंतुकात काढून घेतलेलं असतं. आणि शेवटाकडे ‘सद्भावपूर्वक केलेल्या कृतीस संरक्षण’ नावाचा खंड असतोच. त्यावर सरसकट आक्षेप घेण्यात अर्थ नाही, तो जवळपास प्रत्येक कायद्यात असतो.

शिक्षेच्या खंडात चार गोष्टी बघा: किमान शिक्षा आहे का, गुन्हा दखलपात्र आहे का (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते का), जामीनपात्र आहे का, आणि तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करणार. चौथी गोष्ट लोक सोडून देतात. जनसुरक्षा विधेयकाच्या समितीने केलेल्या बदलांतला एक नेमका तिथेच होता. मूळ मसुद्यात तपास पोलिस उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे होता, तो समितीने उपअधीक्षक दर्जावर नेला. कागदावर एका शब्दाचा बदल, पण तालुक्याच्या ठाण्यात त्याचा अर्थ फार वेगळा होतो.

विधेयक एखाद्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करणारं असेल तर जुना कायदा समोर ठेवल्याशिवाय काहीच कळणार नाही. ‘“किंवा” या शब्दाऐवजी “आणि” हा शब्द दाखल करण्यात यावा’ एवढंच लिहिलेलं असतं. मी जुन्या कलमाची झेरॉक्स काढतो आणि तिच्यावर लाल पेनने दुरुस्ती करत जातो. लहान मुलांच्या गृहपाठासारखं दिसतं, पण दुसरी पद्धत मला सापडलेली नाही.

निवेदन: एक खंड, एक शब्द, एक पर्याय

जनसुरक्षा विधेयकावर समितीने जाहीर सूचना-हरकती मागवल्या होत्या, १ एप्रिल २०२५ ही शेवटची तारीख होती. बारा हजारांहून जास्त आल्या. समिती सचिवालयातल्या माणसाच्या जागी बसून विचार करा. टेबलावर गठ्ठे आहेत आणि त्याला त्यांचा खंडवार तक्ता करायचाय. ‘हा काळा कायदा मागे घ्या’ असं लिहिलेली शंभर पत्रं तक्त्यात एकाच ओळीत जातात. एकच छापील मजकूर, खाली सह्या वेगळ्या, अशा पत्रांचंही तेच. विरोधाची संख्या दिसावी म्हणून ती जरूर पाठवा, त्यालाही मोल आहे. पण मसुदा बदलायचा असेल तर तुमच्या पत्राला तक्त्यात स्वतःची ओळ मिळायला हवी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा सार्वजनिक ठिकाणांच्या सुरक्षेचं एक विधेयक आहे आणि त्याच्या खंड ७ मध्ये लिहिलंय: ‘प्राधिकृत अधिकारी, त्यास योग्य वाटेल तर, कोणतीही जागा, विहित करण्यात येईल अशा कालावधीसाठी मोहोरबंद करू शकेल.’

यावर माझं पहिल्या पद्धतीचं निवेदन असं झालं असतं: ‘हा खंड नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला घालणारा असून तो तत्काळ वगळावा.’ आता असं लिहितो:

‘खंड ७. मूळ शब्द: “त्यास योग्य वाटेल तर”. त्याऐवजी: “लेखी नमूद केलेल्या वाजवी कारणांवरून”. मूळ शब्द: “विहित करण्यात येईल अशा कालावधीसाठी”. त्याऐवजी: “जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी”. खंडाच्या शेवटी जादा परंतुक: “परंतु, अशा आदेशाची प्रत त्या जागेच्या भोगवटादारास चोवीस तासांच्या आत देण्यात येईल.” कारण: जागेत राहणाऱ्या भाडेकरूचा मालकाच्या कृत्याशी संबंध नसू शकतो. आदेशाची प्रत आणि कारण हाती नसेल तर त्याला अपील करता येणार नाही, आणि खंड ११ मधील अपिलाची तरतूद त्याच्यापुरती निरुपयोगी ठरेल.’

शेवटचं वाक्य नीट पाहा. त्यात सरकारशी भांडण नाही. तुमच्याच खंड ११ साठी खंड ७ दुरुस्त करा, एवढंच म्हटलंय. विधेयकातला एक खंड दुसऱ्याला छेद देतो हे दाखवलं की मसुदाकारांना ते ऐकावंच लागतं, कारण उद्या न्यायालयात त्याचं उत्तर त्यांना द्यायचंय.

अजून काही गोष्टी. विधेयकात ‘खंड’ म्हणा, ‘कलम’ नको. कायदा झाल्यावरच खंडाचं कलम होतं. चुकलं तर कुणी फेकून देणार नाही, पण तुम्ही मसुदा वाचलाय हे पहिल्या ओळीतच कळतं. दुसऱ्या राज्यात असाच कायदा असेल तर त्यातली चांगली तरतूद शोधा. जनसुरक्षा विधेयकाचं समर्थन करताना छत्तीसगड, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि ओडिशातल्या कायद्यांचे दाखले सरकारनेच दिले होते. सरकार दाखला देतं तेव्हा तो कायदा उघडून बघायचा. छत्तीसगडचा कायदा २००५ चा आहे, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा बराच अनुभव साठलेला आहे, आणि तो निवेदनात वापरता येतो.

तुमच्या कामातला अनुभव असेल तर तो मात्र भरपूर लिहा. डॉक्टर, रिक्षाचालक, पत्रकार, वसतिगृहाच्या गृहपाल, अंगणवाडी सेविका यांना त्या खंडाचा रोजच्या कामात काय परिणाम होईल हे वकिलापेक्षा जास्त कळतं. एक प्रसंग, सहा-सात ओळींत, नाव-गाव न देता. पीडित व्यक्तीची ओळख पटेल असं काहीही लिहू नका. लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत तर तसं करणं हाच गुन्हा आहे.

आवडलेल्या खंडाबद्दलही लिहा. चांगला खंड समितीत गुपचूप पातळ होतो, कारण त्याच्या बाजूने कुणी काही लिहिलेलंच नसतं.

पाठवणं

पत्ता, ई-मेल आणि मुदत जाहीर सूचनेत असते. निवेदन मराठीत चालतं. वर विषय, विधेयकाचं नाव आणि क्रमांक, खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. टपालाने पाठवलं तर पोच ठेवा, ई-मेल केलं तरी एक प्रत टपालाने टाका. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. साक्ष द्यायची इच्छा असेल तर ‘समितीसमोर तोंडी म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ हे वाक्य पहिल्याच पानावर हवं. जाहीर सूचना निघालीच नाही तर? समितीच्या अध्यक्षांच्या नावे पत्र पाठवायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

बोलावणं आलं तर

सगळ्यांना येत नाही. आलं तर विधान भवनात प्रवेशपत्रिकेशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून ओळखपत्र आणि बोलावण्याचं पत्र सोबत ठेवा आणि तासभर आधी पोचा. निवेदनाच्या वीसेक प्रती न्या. आत लंबगोल टेबल, सदस्य, गृह आणि विधी व न्याय खात्याचे सचिव, मागच्या खुर्च्यांवर फायली मांडीवर घेतलेले अधिकारी. माझ्या वेळी दहा मिनिटं सांगितली होती, प्रत्यक्षात चार मिळाली. मध्येच एका सदस्याचा फोन वाजला, तो संपेपर्यंत सगळे थांबले, माझं वाक्य तिथेच तुटलं ते तुटलंच.

म्हणून पहिल्या मिनिटात खंड आणि पर्यायी शब्द सांगून टाका, कारणं नंतर. ‘माननीय अध्यक्ष महोदय’ने सुरुवात करा, सदस्यांशी वाद घालू नका, प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर ‘लेखी कळवतो’ म्हणा आणि खरंच कळवा. खात्याचे सचिव काय टिपून घेतात तिकडे लक्ष असू द्या. मला त्या दिवशी सर्वांत उपयोगाचा प्रश्न एका सचिवांनीच विचारला होता, तोही बैठक संपल्यावर, लिफ्टपाशी.

बाहेर आल्यावर आत काय घडलं ते समाजमाध्यमांवर टाकू नका. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि अहवाल सभागृहात मांडला जाण्याआधी त्यातलं काही उघड करणं विशेषाधिकारभंग ठरू शकतो. तुमचं स्वतःचं लेखी म्हणणं जाहीर करायचं असेल तर आधी समिती सचिवालयाला विचारा.

अहवाल आल्यावर

अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला की घाई सुरू होते. जनसुरक्षा विधेयकाचा अहवाल ९ जुलै २०२५ ला मांडला गेला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केलं. तीन दिवस. अहवाल येईल, मग बघू, असं म्हणणाऱ्यांना हातात काहीच राहत नाही.

अहवालाला समितीने सुधारलेलं विधेयक जोडलेलं असतं. तेच उघडा आणि तुमचा खंड मूळ मसुद्याशी ताडून बघा. जनसुरक्षा विधेयकाच्या बाबतीत ‘व्यक्ती आणि संघटना’ या व्यापक शब्दांच्या जागी ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना’ असा रोख आला, संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. व्याख्येतल्या व्यापकपणावरचा मुख्य आक्षेप मात्र टीकाकारांच्या मते तसाच राहिला, आणि ‘तशा प्रकारच्या’ हे दोन शब्द नव्या वादाचं कारण झाले. शक्ती विधेयकात तपासाची मुदत मूळच्या पंधरा दिवसांवरून तीस दिवस झाली, कारण पंधरा दिवसांत तपास उरकायचा तर तो कच्चा राहण्याची भीती होती.

समितीतल्या एखाद्या सदस्याला अहवाल मान्य नसेल तर तो भिन्नमत पत्रिका जोडू शकतो. ती शोधून वाचा, पुढे न्यायालयात आव्हान द्यायचं झालं तर त्यातले मुद्दे कामाला येतात. जनसुरक्षेच्या अहवालाला विरोधी सदस्यांपैकी कुणाचीही भिन्नमत पत्रिका नव्हती, हे सत्ताधाऱ्यांनी नंतर वारंवार सांगितलं. तुमच्या मुद्द्याशी सहमत असलेला सदस्य असेल तर त्याला मुदतीआधी आठवण करा. टीव्हीवर विरोध करणं आणि पत्रिका जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पटलावर आल्यानंतरही आमदाराला खंडावर दुरुस्ती सुचवता येते. ती मंजूर होण्याची शक्यता कमी, पण मंत्र्याला उत्तरात त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो आणि तो कामकाजाच्या वृत्तांतात छापला जातो.

सभागृहानंतर

दोन्ही सभागृहांची मंजुरी, मग राज्यपाल. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने या विधेयकांची ती नेहमीची वाट. फौजदारी कायद्यात दुरुस्ती करणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन तिकडे गेलं, संमती मिळाली नाही. दरम्यान ज्या भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करायची होती ती संहिताच १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली. म्हणून मसुदा वाचतानाच केंद्राच्या कोणत्या कायद्याला हात लागतोय ते टिपून ठेवा आणि निवेदनात एक ओळ त्यावर लिहा.

कायदा लागू झाला तर पुढे नियम येतात. ‘विहित करण्यात येईल’ म्हणून समितीच्या टप्प्यावर निसटलेलं सगळं तिथे ठरतं: अर्जाचा नमुना, मुदत, कोणता अधिकारी, किती शुल्क. पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी ठरावीक दिवस दिलेले असतात. त्याची बातमी होत नाही. आमच्या गटात एकाकडे फक्त तेवढंच काम आहे, दर आठवड्याला राजपत्र उघडून बघायचं. तो कंटाळतो, कुरकुरतो आणि दर सोमवारी गटावर ‘काही नाही’ असं टाकतो. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी त्याचा निरोप तेवढ्यावर थांबला नाही: ‘आलंय. हरकतीला एकवीस दिवस. खंड नाही रे, आता नियम म्हणायचं.’